पत्र्यावर जाडी छापा

मंडळी, या शनिवारी कोड नाही, डेटाबेस नाही. आज पत्रा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ज्याला सरळ 'टिन' म्हणतात तो. आणि त्याहून जास्त, तो पत्रा ज्या मशीनमधून नाळ्या-नाळ्यांचा होऊन बाहेर येतो त्या मशीनबद्दल. विषय कोरडा वाटेल, पण ज्यांच्या घरावर, गोठ्यावर किंवा सोयाबीनच्या गोदामावर टिन आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. (बाकीच्यांच्या सोसायटीच्या पार्किंगवर असेलच. ह. घ्या.)

आधी पार्श्वभूमी. माझ्या लहानपणी चिखली-मेहकरकडची बरीच घरं धाब्याची किंवा कवेलूची होती. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, दर पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकायची. कवेलू माकडं फोडायची, मग उन्हाळ्यात ते फेरायला माणूस लागायचा. आता तो माणूसही मिळत नाही आणि पांढरी मातीही. त्यामुळे टिन आलं आणि राहिलं. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर गेला की त्याखाली बसवत नाही हे खरं, पण ते एका दिवसात बसतं, गळत नाही आणि जागा बदलली तर काढून नेता येतं. गरिबाच्या घराला याहून सोयीचं छप्पर अजून कुणी शोधलेलं नाही.

ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरने १८२९ मध्ये लोखंडी पत्र्याला लाटा पाडण्याचं पेटंट घेतलं. पुढच्या दहा वर्षांत पत्र्यावर जस्त चढवायची पद्धत आली, आणि मग हा पन्हळी पत्रा जहाजात रचून जगभर गेला. आपल्याकडे १८७० मध्ये कापसासाठी जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. रेल्वे, जिनिंग आणि पन्हळी पत्रा ही त्या काळातली एकमेकांना शोभणारी मंडळी. जुन्या जिनांच्या शेडवर तो जाड, तांबूस झालेला पत्रा बघितला असेल तुम्ही. वाकवायला गेलात तर हात दुखेल.

तर मुद्दा असा की पत्र्याला ताकद कुठून येते? कागदाची पट्टी दोन पुस्तकांवर पुलासारखी ठेवा, मधेच झुकते. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला, वर चहाचा कप ठेवला तरी पेलतो. कागद तोच, आकार बदलला. पत्र्याचं हिशेबात सांगतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा घ्या आणि त्यालाच ७५ मिमी अंतरावर १८ मिमी खोल लाटा पाडा. लाटांमुळे धातू लागतो फक्त बारा-तेरा टक्के जास्त. पण लाटांच्या दिशेने तो पत्रा वाकायला जो विरोध करतो तो दोन हजारपटीहून जास्त होतो. दोन हजारपट! माझ्या पूर्ण करिअरमध्ये मी कुठल्याही प्रोग्रॅमला एवढ्या स्वस्तात एवढा स्पीड मिळवून दिलेला नाही.

ही जादू करणारं मशीन म्हणजे रोल फॉर्मिंगची लाइन. पूर्वी पत्रा मोठ्या कारखान्यातून नाळ्या पाडूनच यायचा, सहा, आठ, दहा, बारा फुटी अशा ठरलेल्या मापात. आता तालुक्याच्या गावाबाहेर एखाद्या शेडमध्ये ही लाइन असते. रंगीत पत्र्याची कॉइल ट्रकने येते, आणि तुम्ही सांगाल त्या लांबीचा पत्रा तुमच्यासमोर निघतो. मागच्या दिवाळीत काकांच्या गोठ्यासाठी पत्रे आणायला गेलो तेव्हा काका भाव करत होते आणि मी तासभर त्या मशीनपाशी उभा होतो. ऑपरेटर पोरगा शेवटी म्हणालाच, "दादा, तुम्ही पन मशीन टाकता काय?"

बघण्यासारखंच आहे ते. एका टोकाला चार-पाच टनांची कॉइल आडव्या दांड्यावर फिरत असते. पत्रा सपाट आत जातो आणि रोलरच्या एकामागून एक जोड्यांमधून पुढे सरकतो. बारा, सोळा, कधी वीस जोड्या. प्रत्येक जोडी थोडंसंच वाकवते. पहिल्या जोडीनंतर तर काही झालंय असं वाटतही नाही, नुसती एक हलकी रेघ उमटते. पाचव्या-सहाव्या जोडीला नाळी दिसू लागते आणि शेवटी कडक, धारदार रिब तयार. एकदम का नाही दाबत? कारण पत्र्याला नाळी पाडायची तर बाजूचा पत्रा आत ओढला जावा लागतो. सगळ्या नाळ्या एकाच वेळी पाडायला गेलात तर मधल्या नाळीला बाजूने पत्रा मिळतच नाही, मग तो ताणला जातो, रंगाला तडे जातात किंवा फाटतो. म्हणून साधारणपणे मधली नाळी आधी, मग तिच्या दोन्ही बाजूच्या, मग कडेच्या. लग्नाच्या पंगतीत सतरंजी मधून सरळ करत कडेला जातात ना, तसं.

दुसरी गंमत म्हणजे पोलाद ऐकत नाही. नव्वद अंश वाकवा, रोलर सोडला की ते दोन-चार अंश मागे येतं. म्हणून रोलर हव्या त्या कोनापेक्षा थोडे जास्तच वाकवतात, जेणेकरून परत येऊन बरोबर जागी थांबेल. हे मागे येणं पोलादाच्या जातीवर आणि जाडीवर अवलंबून असतं. पोलाद जितकं चिवट आणि पत्रा जितका पातळ तितकं जास्त. रोलरमधली फटही जाडीप्रमाणे बसवावी लागते. फट जाड पत्र्याची आणि आत पातळ पत्रा घातला तर नाळी 'मऊ' येते, कोपरे गोलसर राहतात. उलटं केलं तर रंग आणि जस्त खरवडलं जातं, आणि ते नुकसान तुम्हाला चार पावसाळ्यांनी गंजाच्या रूपात दिसतं. थोडक्यात, चांगला ऑपरेटर कॉइल बदलली की फट तपासतो. घाईतला ऑपरेटर तपासत नाही.

लाइनच्या शेवटी कटर. पत्र्याला टेकलेलं एक छोटं चाक लांबी मोजतं, पीएलसी नावाचा छोटा कॉम्प्युटर ते आकडे वाचतो आणि बरोबर मापावर कटर खाली येतो. ऑपरेटरने स्क्रीनवर टाकलं होतं, लांबी ३०५० मिमी, नग २४. चोविसावा पत्रा कापून लाइन आपोआप थांबली. इथपर्यंत सगळं झकास.

आता माझी तक्रार. ती त्या दुकानाबद्दल नाही, एकूण पद्धतीबद्दल आहे.

नाळ्यांची जी जादू आहे तीच गिऱ्हाइकाच्या डोळ्यात धूळ फेकते. सपाट पत्रा हातात धरला तर पातळ आहे की जाड ते लगेच कळतं, कारण सपाट पत्र्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ०.४५ मिमीच्या जागी ०.३० चा पत्रा घेतला तर कडकपणा सत्तर टक्क्यांनी कमी होतो. हात खोटं बोलत नाही. पण नाळ्या पाडल्या की हिशेब बदलतो. तिथे कडकपणा बहुतेक आकारातून येतो आणि जाडीशी त्याचं नातं सरळ होतं. ०.४५ च्या जागी ०.३० घेतला तर फक्त तेहतीस टक्के फरक. हाताला, डोळ्याला तो सापडत नाही. वर निळा किंवा विटकरी चकचकीत रंग. गिऱ्हाईक पत्र्यावर टकटक करून बघतं, मान हलवतं, झालं.

मग कमी काय होतं? जिथे स्क्रू लागतो तिथे. स्क्रूच्या डोक्याभोवतीचा पत्रा किती जोर सहन करून फाटेल, हे जाडीवर ठरतं. तिथे नाळीचा आकार फारसा मदतीला येत नाही. आणि आपल्याकडे छप्पर बहुतेक वेळा ओझ्याने कोसळत नाही, ते उडतं.

वाऱ्याचा हिशेब करून बघू. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, की दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब मिळतो. आपल्या वाऱ्याच्या भारतीय मानकातलंच हे सूत्र आहे. ताशी १२० किमीचा झोत म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दाब येतो सुमारे ६७० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ६८ किलो. वळिवाचा वारा छपरावरून जाताना वरून ओढतो, आणि गोठा एका बाजूने उघडा असला तर आत शिरून खालूनही ढकलतो. दोन्ही मिळून साधारण एवढा जोर वरच्या दिशेने सहज लागतो. दहा फुटी एक पत्रा बसल्यावर तीन चौरस मीटर जागा झाकतो. म्हणजे एका पत्र्याला वर उचलणारा जोर दोनशे किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन? नऊ ते चौदा किलो.

आता सांगा, आपण पत्र्यावर जे दगड ठेवतो त्यांचं काय होणार? वीस किलोचा दगड दोनशे किलोला रोखत नाही. तो फक्त पत्र्याबरोबर खाली येतो, आणि खाली कुणीतरी असतं. आपल्याकडे पाळण्याची दोरीही छपराच्या त्याच पाइपाला बांधलेली असते, हे विसरू नका. पाइप भिंतीत नीट गाडलेला नसेल तर स्क्रू कितीही चांगले असोत, छप्पर पाइपासकट जातं. पण निदान पाइप नीट आहे असं धरू. चार फुटांवर पाइप, प्रत्येक पाइपावर पत्र्याला तीन स्क्रू, तर एका स्क्रूच्या वाट्याला सत्तावीस किलो येतात. छपराच्या कडेला, आढ्यापाशी आणि कोपऱ्यात वारा दुप्पट किंवा जास्त ओढतो, तिथे पन्नास-साठ. म्हणून कडेला स्क्रू दाट हवेत. आपला मिस्त्री नेमका कडेला कमी मारतो, कारण टोकाला वाकून बसायला भीती वाटते. (साहजिक आहे, पण मग शिडी लावा ना.)

आणि वारा एकदाच ओढत नाही. सोडतो, ओढतो, सोडतो, ओढतो. तार वाकवून वाकवून तोडतो तसं स्क्रूभोवती होतं. हे जगाला एका मोठ्या अपघाताने शिकवलं. २५ डिसेंबर १९७४ ला, ऐन नाताळात, ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर 'ट्रेसी' चक्रीवादळ आलं आणि गावातली बहुतेक घरं उद्ध्वस्त झाली. नंतर इंजिनिअर मंडळींनी पत्रे तपासले तर पातळ, चिवट पोलादाचे पत्रे स्क्रूच्या भोकाभोवती बारीक तडे जाऊन सुटले होते. एकदाच ओढून तपासल्यावर ते पास झालेले होते! तेव्हापासून तिकडे छपराचे पत्रे हजारो वेळा ओढून-सोडून तपासायची पद्धत आली. लक्षात घ्या, ऑस्ट्रेलियाने पातळ पत्रा बंद केला नाही. आजही तिथे पोलाद ०.४२ मिमी असलेला पत्रा सर्रास वापरतात. पण तो ०.४२ आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ०.४२ ला किती अंतरावर किती स्क्रू, याचा तक्ता असतो.

आपल्याकडे दुकानात "पन्नासचा पत्रा" म्हणतात. म्हणजे ०.५० मिमी. कसला ०.५०? रंग आणि जस्त धरून की नुसतं पोलाद? रंगाचे वरखालचे थर मिळून साधारण ०.०३५ मिमी होतात. दोन्ही बाजूंचं मिळून १२० ग्रॅमचं जस्त सुमारे ०.०१७. म्हणजे एकूण ०.५० असेल तर आत पोलाद ०.४५. जस्त-ॲल्युमिनियमचं १५० ग्रॅमचं कोटिंग असेल तर ते हलकं असल्यामुळे जास्त जागा घेतं, ०.०४ च्या आसपास, मग पोलाद उरतं ०.४२ ते ०.४३. दोघेही 'पन्नास'च. यात फसवणूक नाही, कोटिंगही कामाचंच आहे. पण कुठला आकडा बोलतोय ते सांगायला नको? आणि हे प्रामाणिक दुकानातलं झालं. चाळीसचा पत्रा पन्नास म्हणून दिला तर तुम्ही काय करणार? मायक्रोमीटर घेऊन जाणार?

इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा होतो. कॉइलवर सगळी माहिती असते. पोलाद कारखान्यातून निघालेल्या कॉइलला लेबल असतं, त्यावर जाडी, रुंदी, पोलादाची जात, कोटिंगचे ग्रॅम, कॉइल नंबर. जस्ताच्या पत्र्याला आयएस २७७, रंगीत पत्र्याला आयएस १४२४६, अशी मानकंही आहेत. ही माहिती ट्रकमधून आपल्या तालुक्याच्या शेडपर्यंत सुखरूप येते. मग ऑपरेटर कटरने कॉइलची पट्टी तोडतो, लेबल खाली पडतं आणि झाडून कचऱ्यात जातं. पुढे जे चोवीस पत्रे निघतात ते अनाथ. काही कंपन्या पत्र्याच्या मागे मीटर-मीटरवर नाव आणि जाडी छापतात, ते उत्तम. पण बिनछापाचा मालही भरपूर असतो. आमच्या धंद्यात कुणी व्हर्जन नंबर पुसून प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला दिला तर पहिली तक्रार येईपर्यंतच त्याचं चालेल. आणि तिथे तर कुणाचं घर उडत नाही.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. ज्या पीएलसीला लांबी आणि नग माहीत आहेत, त्याला अजून दोन आकडे सांगायचे: पोलादाची जाडी आणि कॉइल नंबर. लाइनच्या शेवटी, कटरच्या आधी, एक छोटा इंकजेट छापखाना बसवायचा. पाण्याच्या बाटलीवर तारीख छापतो तोच. पत्रा पुढे सरकतोय, लांबी मोजणारं चाक आधीच आहे, दर मीटरला एक ओळ छापली गेली पाहिजे. आकडा खोटा टाकता येईल का? येईल. पण मग तो छापील खोटेपणा असेल. ग्राहक आयोगात तुमच्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द असं राहणार नाही, पुराव्याचा पत्राच समोर असेल.

शेडच्या मालकांशी मी याबद्दल बोललो. माणूस सज्जन, चहा पाजला. त्यांचं म्हणणं असं: "छापतो ना भाऊ, काय लागते त्याले. पन इथं जाडी कोनी इचारतच नाही. कलर इचारते, भाव इचारते. मी खरं पंचेचाळीस छापलं अन् पलीकडच्यानं कोऱ्या पत्र्याले पन्नास म्हनलं, तं गिऱ्हाईक कुठं जाईन?" हे मला पटलं. एकट्या दुकानदाराने प्रामाणिक व्हावं अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याने तोट्यात जावं असं म्हणणं. म्हणून हे सगळ्यांना एकाच दिवशी सक्तीचं हवं. कॉइलला जसं मानक आहे तसंच नाळ्या पाडून कापलेल्या प्रत्येक पत्र्यावर छाप हवा, आणि ती जबाबदारी शेवटचा कटर ज्याच्या मालकीचा त्याची.

सक्ती येईपर्यंत पैसे देणाऱ्यांपैकी जो मोठा आहे त्याने सुरुवात करावी. म्हणजे सरकार. शाळेची शेड, अंगणवाडी, बाजार समितीचा ओटा, स्मशानशेड, सगळीकडे पत्रा लागतो. अंदाजपत्रकात पोलादाची जाडी, कोटिंगचे ग्रॅम आणि कडेला किती स्क्रू हे तीन आकडे लिहायचे आणि छाप नसलेला पत्रा घ्यायचा नाही. अशक्य अजिबात नाही. मेहकर, सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्गाने जाताना कडेचा कठडा बघा. तोही रोलरच्या अशाच लाइनमधून निघालेला पन्हळी पत्राच आहे, इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचा, फक्त सुमारे ३ मिमी जाड. रस्त्याच्या कामात तो पत्रा, त्याचं जस्त, त्याचे बोल्ट सगळं कागदावर ठरलेलं असतं. गाडीतल्या माणसासाठी जे करता येतं ते पत्र्याखाली झोपणाऱ्यासाठी का नको?

वादळानंतरचा पंचनामाही बघा. किती पत्रे उडाले ते मोजतात, का उडाले ते कुणी लिहीत नाही. पत्रा स्क्रूपाशी फाटला, की स्क्रू पाइपातून निघाला, की पाइपच उपटला? हे तीन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. फॉर्मवर तीन चौकोन वाढवले तर पाच वर्षांत जिल्ह्याकडे सोन्यासारखी माहिती जमेल. आज नुकसानभरपाई येते, त्यात तोच पत्रा हातोडीने सरळ करून, जुनी भोकं डांबराने बुजवून, शेजारी नवी भोकं पाडून परत चढतो. पुढच्या वळिवाला काय होणार ते सांगायला इंजिनिअर नको.

तोवर आपल्या हातात काय? वजनकाटा. पत्र्याच्या नाळ्या डोळ्याला फसवतात, काट्याला नाही. ही कॉइल साधारण १२२० मिमी रुंद असते (खात्री करून घ्या, अरुंदही येतात). पत्र्याची लांबी मीटरमध्ये, गुणिले १.२२, गुणिले पोलादाची जाडी मिमीमध्ये, गुणिले ७.८५, की पोलादाचं वजन किलोत. त्यात कोटिंगचं आणि रंगाचं मिळून दहा फुटी पत्र्यामागे अर्धा-पाऊण किलो वाढवा. दहा फुटी पत्र्यात पोलाद ०.४५ असेल तर काटा पावणेचौदा किलोच्या आसपास दाखवेल. ०.३० असेल तर साडेनऊच्या आत. चार किलोंचा फरक, चालू काट्यावरही कळतो. एकच पत्रा तोलू नका, पाच एकदम तोला आणि भागा. आणि बिलावर 'रंगीत पत्रा २४ नग' एवढंच लिहून घेऊ नका, "पोलादाची जाडी इतकी, एकूण वजन इतकं" हेही लिहायला सांगा. काकांनी तसं सांगितलं तेव्हा मालकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, हसले आणि लिहून दिलं. चोवीस पत्र्यांचं वजन बिलाप्रमाणे बरोबर भरलं, हेही इथे नोंदवून ठेवतो. स्क्रू मात्र मिस्त्रीने कडेला परत कमीच मारले होते. ते दुसऱ्या दिवशी शिडी लावून मारून घेतले. :-)